रोहिणीची चाळिशी

मनुष्याचे वय चाळिशीच्या आसपास आले, म्हणजे वर्तमानपत्र हातभर दूर धरून वाचण्याची पाळी येते. डोळ्यांतील भिंगाचा लवचीकपणा कमी होतो, जवळचे अक्षर पुसट दिसू लागते आणि मग नाकावर चष्मा चढतो. आपल्या भाषेने तर त्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ असे नाव देऊन टाकले आहे. परंतु याच सुमारास, किंबहुना याच्याही आधीपासून, शरीरातील आणखी एक वस्तू आपला लवचीकपणा गमावीत असते. आणि त्याची वार्ता ना त्या गृहस्थास असते, ना त्याच्या घरच्या मंडळींस. ती वस्तू म्हणजे रोहिणी. हृदयापासून निघून शरीराच्या निरनिराळ्या भागांस रक्त पोहोचविणाऱ्या नलिकांना रोहिणी असे म्हणतात. डोळ्यांस लागलेली चाळिशी पुस्तक उघडताच कळते. रोहिणीस लागलेली चाळिशी मात्र वर्षानुवर्षे कळत नाही. मग रक्ताच्या थेंबात तिची काही चाहूल लागेल काय? हा प्रश्न घेऊन अनेक देशांतील शास्त्रज्ञ कामाला लागले आहेत. त्यांच्या शोधाची हकीकत आणि तीतून घ्यावयाचा बोध आम्ही येथे आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम रोहिणीला लवचीकपणा हवाच कशाला, ते पाहू. हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा आकुंचन पावते. म्हणजे दिवसाकाठी जवळजवळ १ लक्ष ठोके पडतात. प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताचा एक लोंढा महारोहिणीत शिरतो आणि मग क्षणभर हृदय विसावा घेते. असे असूनही केसासारख्या सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त अखंड वाहत असते. ठोक्याठोक्याला ते थांबत नाही. हे कसे घडते? आपल्यापैकी पुष्कळांनी भजनात वा गाण्याच्या बैठकीत बाजाची पेटी पाहिली असेल. वादक भाता थांबूनथांबून हालवितो, तरी सूर तुटत नाही. कारण पेटीच्या पोटात दुसरा एक भाता असून तो हवा साठवितो व स्प्रिंगच्या दाबाने ती सारखी पुढे ढकलीत राहतो. महारोहिणी हा आपल्या शरीरातील असाच आतला भाता होय. हृदयाचा लोंढा आला की ती फुगते, आणि हृदय विसावले की आपल्या लवचीक भिंतींच्या दाबाने रक्त पुढे लोटते. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रोहिणीला आगीच्या बंबातील हवेच्या कोठीची उपमा दिली होती. उपमा बंबाची घ्या की पेटीची, मर्म एकच आहे.

रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. त्यांपैकी मधल्या थरात दोन प्रकारचे तंतू मुख्यत्वेकरून आढळतात. इलॅस्टिन नावाचे तंतू रबरासारखे ताणले जाऊन पुन्हा पूर्वस्थितीला येतात. कोलॅजेन नावाचे तंतू सुंभाच्या दोरीसारखे बळकट, पण ताठर असतात. तरुणपणी नेहमीचा ताण इलॅस्टिन पेलते. आता एक गोष्ट आमच्या विद्यार्थिवाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. रोहिणीतील इलॅस्टिन मुख्यतः जन्मापूर्वी व बालपणी तयार होते. पुढे शरीर नवे व चांगले इलॅस्टिन फारसे घडवीत नाही. म्हणजे बालपणी मिळालेले हे भांडवल जन्मभर पुरवावयाचे असते. दिवसाला १ लक्ष ठोके या हिशेबाने चाळिसाव्या वर्षापर्यंत ते सुमारे १४६ कोटी वेळा ताणले गेलेले असते. हळूहळू त्याचे पापुद्रे झिजतात, तुटतात. त्यांची जागा कोलॅजेन घेते, मधूनमधून चुन्याचे कण जमतात आणि नलिका ताठर होते.

ताठरपणाचे परिणाम साधे नाहीत. हृदयाला तोच लोंढा अधिक जोर लावून ढकलावा लागतो, म्हणून वरचा रक्तदाब वाढतो. आतला भाता नीट फुगत नसल्याने विसाव्याच्या वेळचा, म्हणजे खालचा दाब उतरतो; आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंना रक्त मिळते ते बहुतांशी याच विसाव्याच्या वेळी. शिवाय जे धक्के महारोहिणीने पचवावयाचे, ते थेट मेंदू व मूत्रपिंड यांच्या नाजूक वाहिन्यांपर्यंत जाऊन आदळतात. पक्षाघात, हृदयाची दुर्बलता, मूत्रपिंडाचा ऱ्हास या व्याधींची पूर्वतयारी अशा रीतीने गाजावाजा न होता चालू राहते.

हा ताठरपणा मोजण्याची युक्ती मोठी मनोरंजक आहे. अंगणात कपडे वाळत घालण्याची दोरी सैल असताना तिच्या एका टोकाला झटका द्या. लहर सावकाश दुसऱ्या टोकाला जाईल. तीच दोरी घट्ट ताणून बांधा. लहर क्षणार्धात पलीकडे पोहोचेल. नाडी ही अशीच एक लहर आहे. ती रक्तापेक्षा कितीतरी वेगाने रोहिणीच्या भिंतीवरून धावते. मोएन्स व कोर्टवेग या दोन डच शास्त्रज्ञांनी १८७८ साली या लहरीच्या वेगाचे गणित मांडले. त्यानुसार, इतर गोष्टी तशाच राहून भिंतीचा ताठरपणा चौपट झाला, तर लहरीचा वेग दुप्पट होतो. आज मानेतील व जांघेतील नाडी एकाच वेळी टिपून हा वेग काढतात. अर्ध्या मीटरचे अंतर लहरीने सेकंदाच्या दहाव्या भागात ओलांडले, तर तिचा वेग सेकंदाला ५ मीटर; विसाव्या भागात ओलांडले, तर १० मीटर. तरुण व निरोगी माणसात हा वेग साधारणपणे सेकंदाला ६ मीटरच्या आसपास असतो. १० मीटरच्या वर गेला म्हणजे वैद्य तो धोक्याचा इशारा समजतात.

पूर्वी समजूत अशी होती की, आधी रक्तदाब वाढतो आणि त्यामुळे रोहिणी ताठर होते. यात तथ्य आहेच. परंतु उलट क्रमही असू शकतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ सालापासून पिढ्यान् पिढ्या चालू असलेल्या प्रसिद्ध पाहणीतून २०१२ साली असे दिसून आले की, ज्यांच्या रोहिणी अधिक ताठर होत्या, त्यांच्यापैकी अधिक लोकांना पुढील काही वर्षांत रक्तदाबाचा विकार जडला. म्हणजे दाब वाढलेला नसतानाही रोहिणीत काही घडू लागलेले असते. साहजिकच जिज्ञासा उत्पन्न होते की, दाब मोजण्याच्या यंत्राला जे अजून दिसत नाही, ते रक्ताच्या तपासणीत दिसेल काय?

रक्तातील ज्या पदार्थाच्या कमीअधिक प्रमाणावरून शरीरातील एखाद्या घडामोडीचे अनुमान करता येते, त्याला निदर्शक असे म्हणावे. येथे एक विवेक सुरुवातीलाच सांगितला पाहिजे, कारण पुढील सर्व हकीकतीची किल्ली त्यात आहे. दूर डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे आग असावी असे आपण अनुमान करतो. पण धूर म्हणजे आग नव्हे. पंख्याने धूर उडवून लावला म्हणून आग विझत नाही. रक्तातील निदर्शकांपैकी काही स्वतःच आग असतात, तर काही केवळ धूर. कोणता कोण, हे ओळखणे हेच या शास्त्रातील खरे अवघड काम होय.

पहिला निदर्शक सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हा घेऊ. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस या दोघा शास्त्रज्ञांना १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ आढळला. त्या रोगाच्या जंतूंमधील ‘सी’ नामक घटकाशी तो संयोग पावत असे, म्हणून त्याचे हे नाव पडले. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि शरीरात कोठेही दाह उत्पन्न झाला की त्याचे प्रमाण वाढते. पुढे सूक्ष्म मोजमापाच्या पद्धती निघाल्यावर असे ध्यानात आले की, वरकरणी निरोगी असणाऱ्या माणसांतही ते सारखे नसते. लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ असल्यास मध्यम आणि ३ च्या वर असल्यास अधिक, अशी वर्गवारी २००३ साली अमेरिकेत करण्यात आली. इंग्लंडमधील केंब्रिज येथे सुमारे सव्वाचारशे निरोगी लोकांची तपासणी करण्यात आली. तिचा वृत्तान्त २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात हे प्रथिन अधिक, त्यांच्या नाडीची लहरही अधिक वेगाने धावते, असे तीत आढळले.

मग हे प्रथिनच रोहिणीचा शत्रू म्हणावे काय? घाई करून चालणार नाही. काही माणसांत आनुवंशिक गुणामुळेच हे प्रथिन जन्मभर थोडे अधिक असते. ते स्वतः अपाय करीत असते, तर अशा माणसांत हृदयविकार अधिक आढळावयास हवा होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात तसे काही दिसले नाही. म्हणजे हे प्रथिन बहुधा धूर आहे, आग नव्हे. आग आहे ती दाहाची. २००५ साली अथेन्स येथील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांत विषमज्वराच्या लसीने मुद्दाम सौम्य व तात्पुरता दाह उत्पन्न करून पाहिला. तेव्हा तेवढ्यापुरता नाडीच्या लहरीचा वेग वाढला. २०१७ साली दुसराही पुरावा हाती आला. एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे १० हजार रुग्णांवर दाह शमविणाऱ्या एका औषधाचा प्रयोग झाला. त्याने कोलेस्टेरॉलमध्ये काही फरक पडला नाही, तरी पुन्हा झटका येण्यासारख्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र त्याबरोबर जंतुसंसर्गाने दगावणाऱ्यांची संख्या थोडी वाढली; कारण दाह हे शरीराचे शस्त्रही आहे, आणि ते सर्वस्वी म्यान करून चालत नाही.

व्यवहारातील एक गोष्ट येथे सांगून ठेवतो. सर्दी, दातदुखी, एखादी जखम, एवढ्यानेही हे प्रथिन वाढते. म्हणून एकाच तपासणीवरून निष्कर्ष काढू नये. प्रकृती स्वस्थ असताना साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा करावी, आणि आकडा १० च्या वर गेला तर आधी दुसरीकडे कोठे संसर्ग आहे काय ते पाहावे, असा संकेत आहे.

दुसरा निदर्शक साखरेसंबंधीचा आहे. भाकरी तव्यावर भाजताना तिच्यावर तपकिरी डाग पडतात, हे घरोघरी दिसणारे दृश्य आहे. साखर व प्रथिने यांच्या संयोगाने घडणाऱ्या या क्रियेचे वर्णन माय्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केले. अशाच जातीची क्रिया आपल्या शरीरातही घडते. मात्र तेथे तवा नसल्याने तिला महिने अन् वर्षे लागतात. रोहिणीतील कोलॅजेनच्या शेजारशेजारच्या तंतूंना साखर अशा रीतीने चिकटली म्हणजे त्यांच्यात आडवे टाके पडतात आणि भिंत ताठर होते. हे टाके सहजी मोजता येत नाहीत. पण रक्तातील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, ते मोजता येते. तेहरान येथे सॅम्युएल राहबर यांना १९६८ साली मधुमेही रुग्णांच्या रक्तात हे निराळे हिमोग्लोबिन प्रथम दिसले. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणून या चाचणीवरून गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी कळते. ५·७ टक्क्यांच्या आत असल्यास ठीक, ६·५ किंवा अधिक असल्यास मधुमेह, आणि मधला टापू म्हणजे सावधगिरीचा. येथे मात्र धूर व आग यांचे अंतर फारच थोडे आहे. कारण चिकटणारी साखर हीच अपायाच्या कारणांपैकी एक आहे.

तिसऱ्या निदर्शकाचा संबंध आपल्या महाराष्ट्राशी येतो. अमेरिकेतील किल्मर मॅककली या वैद्याने १९६९ साली एक चमत्कारिक गोष्ट नजरेस आणली. जन्मजात दोषामुळे ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य अतिशय वाढलेले असते, अशी बालके दगावल्यावर त्यांच्या रोहिणी वृद्ध माणसाच्या रोहिणींसारख्या खराब झालेल्या आढळल्या. यावरून त्याने तर्क केला की, थोडे वाढलेले होमोसिस्टीनही मोठ्या माणसांच्या रोहिणींस बाधत असावे. ब-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले तर हे द्रव्य रक्तात साचते. ब-१२ मिळते ते दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून. धान्ये, डाळी व भाज्या यांत ते नसते. पुणे येथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी खेड्यातील, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आणि निम्म्याहून अधिकांत होमोसिस्टीन वाढलेले आढळले.

आता उपाय सोपा दिसतो : जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्याव्या, होमोसिस्टीन उतरवावे, आणि हृदयविकार टाळावा. हजारो रुग्णांवर असे प्रयोग झाले. त्यांपैकी दोन मोठ्या प्रयोगांचे निकाल २००६ सालीच बाहेर आले. होमोसिस्टीन उतरले, परंतु हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत! धूर पांगला, आग तशीच राहिली. तथापि याचा अर्थ ब-१२ ची उपेक्षा करावी असा नव्हे. त्याच्या अभावी रक्तक्षय होतो व मज्जातंतूंस इजा पोहोचते. म्हणून कमतरता आढळल्यास ती वैद्याच्या सल्ल्याने भरून काढलीच पाहिजे. मात्र तेवढ्याने रोहिणीचे रक्षण झाले, अशी समजूत करून घेऊन स्वस्थ बसू नये.

चौथा निदर्शक म्हणजे रोहिणीचा पहारेकरीच होय. आपल्या रक्तात चुना सदैव विरघळलेला असतो. मग तो हाडांतच का साठतो, रोहिणींत का नाही? कारण रोहिणीच्या भिंतीत मेट्रिक्स ग्ला प्रोटीन नावाचे एक प्रथिन त्याला अटकाव करीत असते. १९९७ साली शास्त्रज्ञांनी हे प्रथिन मुळीच नसलेले उंदीर निर्माण केले, तेव्हा त्यांच्या रोहिणींत चुना भरला व ते दोन महिन्यांच्या आत मेले. या पहारेकऱ्याला जागे करण्यास हिरव्या पालेभाज्यांत आढळणारे के जीवनसत्त्व लागते. न जागलेल्या प्रथिनाचे प्रमाण रक्तात मोजता येते, आणि ते जेथे अधिक तेथे नाडीची लहरही वेगवान, असे काही पाहण्यांत दिसले आहे. मात्र के जीवनसत्त्व देऊन ताठरपणा निश्चित कमी होतो काय, याविषयी प्रयोगांचा अद्याप एकमुखी निर्णय नाही.

वाचक विचारतील, आणि कोलेस्टेरॉल? त्याचे नाव तर आज घरोघरी झाले आहे. एल्‌डीएल हे घातक कोलेस्टेरॉल खरोखरीच आग आहे. ते उतरविले असता हृदयविकाराचे झटके कमी होतात, हे निर्विवाद ठरले आहे. परंतु ते मुख्यतः रोहिणीच्या आतल्या थरात मेदाचे लिंपण करून वाट अरुंद करते. आम्ही सांगत आहोत तो ताठरपणा मधल्या थराचा. दोन्ही विकार एकाच माणसात नांदू शकतात, तरी ते एक नव्हेत. २००९ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा नाडीच्या लहरीच्या वेगाशी सर्वांत दृढ संबंध आढळला तो वयाचा व रक्तदाबाचा. कोलेस्टेरॉलचा संबंध अल्पच दिसला. म्हणून कोलेस्टेरॉल उत्तम असलेल्या गृहस्थाची रोहिणीही उत्तमच असेल, असे समजू नये.

या सर्व हकीकतीचे सार काय? निरोगी दिसणाऱ्या माणसाची रोहिणी ताठरली आहे किंवा नाही, याचा निवाडा करील अशी एकही रक्ताची चाचणी आज नाही. रक्त साक्ष देते. निकाल देत नाही. आजकाल पन्नास-साठ चाचण्या एकदम करून देण्याच्या जाहिराती जागोजाग झळकतात. त्यांतील एखादा आकडा तांबड्या शाईत छापून आला की काही घरांत चूल पेटत नाही. आणि सगळे आकडे काळ्या शाईत आले की काही गृहस्थ तंबाखूची पुडी पुन्हा निश्चिंतपणे सोडतात. हे दोन्ही प्रकार सारखेच घातक आहेत. रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल वैद्याच्या सल्ल्याने अवश्य पाहावे. परंतु चाळिशीच्या माणसाने सर्वांआधी करावयाची गोष्ट अगदी साधी व स्वस्त आहे. दंडाला पट्टा बांधून नियमाने रक्तदाब मोजवून घेणे, ही ती गोष्ट. पुढे वय वाढता वाढता वरचा दाब चढत व खालचा उतरत चालला, १२० व ८० चे १५० व ७० झाले, तर दोहोंमधील ते रुंदावणारे अंतर हीच ताठर रोहिणीची उघड खूण होय.

आणि उपाय? तोही घरच्याच अंगणातला आहे. अमेरिकेत बैठे काम करणाऱ्या मध्यमवयीन व उतारवयाच्या निरोगी पुरुषांना तीन महिने नियमाने, मुख्यतः झपझप चालण्याचा, व्यायाम देण्यात आला. त्यांच्या मानेतील रोहिणीची लवचीकता सुमारे २५ टक्क्यांनी वाढली, असे २००० साली प्रसिद्ध झाले. चीनमध्ये शहरी व ग्रामीण लोकांची तुलना करून १९८५ साली असे दाखविण्यात आले की, जेथे मीठ कमी खाल्ले जाते व रक्तदाबाचा विकार विरळा, तेथे वयाबरोबर येणारा ताठरपणाही कमी असतो. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या लहान चमच्याहून कमी मीठ असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आमच्या ताटातील लोणचे, पापड व ठेचा यांचा हिशेब ज्याने त्याने करावा. तंबाखू वर्ज्य करणे, झोप पुरेशी घेणे व पोटाचा घेर आटोक्यात ठेवणे, हे सांगावयास नकोच.

विद्यार्थिमित्रांनो, हा विषय मोठ्या माणसांचा, असे म्हणून पान उलटू नका. तुमच्या वडिलांच्या वा आईच्या हातात आज जो अहवाल येतो, तो तुम्हांला वाचता यावा आणि त्यातील धूर व आग यांचा भेद त्यांना समजावून सांगता यावा, हा आमचा एक हेतू आहे. संध्याकाळी त्यांचा हात धरून त्यांना कोसभर फिरावयास न्या; कोणत्याही गोळीपेक्षा ते आधी करण्यासारखे आहे. दुसरा हेतू तुमच्यासाठी आहे. ज्या इलॅस्टिनवर तुम्हांला पुढील साठ-सत्तर वर्षे काढावयाची आहेत, ते तुमच्या रोहिणींत आज नवे कोरे आहे. खेळाचे मैदान, साधे अन्न व निर्व्यसनी राहणी यांनी त्या ठेव्याची राखण होते. चाळिशी सर्वांनाच लागावयाची आहे. ती केवळ नाकावर राहावी, रोहिणीपर्यंत होईल तितक्या उशिरा पोहोचावी, एवढे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.